दोनदा वाजव

सोमवारी दिवेलागण होईपर्यंत सुप्रियाच्या तोंडून शब्द निघत नाही, हे दहिवलीत शेजारपाजारच्या सगळ्यांना ठाऊक होतं. भाजीवालीही सोमवारी तिच्याशी घासाघीस करत बसत नसे. जुडी पिशवीत टाकून म्हणायची, "काय कमीजास्त असंल ते उद्या बोल गं." नवरा जगदीश तर वीस वर्षांत इतका सरावला होता, की सोमवारी तो एकटाच दोघांचं बोलायचा. प्रश्न स्वतः विचारायचा, तिच्या तोंडाकडे एकदा बघायचा आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकायचा.

"येतेस ना खोपोलीला? येतेस. कागद-पेन घेतलंस? घेतलंस. इंजिनाचा नंबर तुलाच वाचायचाय बघ, माझ्या डोळ्यांचं तुला म्हाईत हाय."

त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता आणि दुसऱ्याला जवळचं दिसत नव्हतं. खोपोलीच्या कारखान्यातली फिटरची नोकरी सोडून त्याला दोन वर्षं झाली होती. लेक सोनाली लग्न होऊन पेणला गेलेली. रिकाम्या हातांना काहीतरी हवं, म्हणून त्यानं घरामागच्या पडवीत एक होडी करायला घेतली होती. लहानशी, दोन माणसांची, पेज नदीत फिरवायला. शेजारचा भिवाजी येता-जाता विचारायचा, "जगदीश, झाली का रं होडी? मला गोव्याला सोड." जगदीश रंधा न थांबवता म्हणायचा, "तुझ्या वजनाला इंजिन मोठं लागंल, जरा दम धर."

तेच इंजिन आता मिळायचं होतं. जुन्या इंजिनांचा धंदा करणाऱ्या पोशानं आदल्या दिवशी फोन केला होता. दोरीनं सुरू होणारं, तीन घोड्यांचं, हलकं. सोमवारी सकाळी या, नायतर दुसरं गिऱ्हाईक उभं हाय.

सुप्रियानं पहाटेच महादेवाला बेल वाहिला होता. रिक्षात बसताना तिनं नेहमीसारखं मनात म्हटलं, "देवा, साई जिथं असेल तिथं सुखरूप ठेव."

साई म्हणजे साईनाथ, तिचा भाऊ. तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. सोमवारचं मौन त्याच्यासाठीच होतं आणि ते मुळात तिचं नव्हतंच, ते आईचं होतं. साई आठ महिन्यांचा असताना एका सोमवारी तापानं त्यानं डोळे फिरवले. त्यांची आई चंद्राबाई त्याला पदराखाली घेऊन देवळात गेली आणि म्हणाली, "मी तोंड मिटते, तू पोराचे डोळे उघड." दिवेलागणीला पोर रडलं. त्या दिवसापासून चंद्राबाईनं सोमवारी दिवा लागल्याशिवाय तोंड उघडलं नाही. ती गेली तेव्हा साई तेरा वर्षांचा होता. जाण्याआधी तिनं लेकीच्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं आणि बोटं मिटवली. "माझं मौन आता तुझं. त्याच्या जिवाचं हाय गं, मोडू नको."

सुप्रियानं पान घेतलं आणि भावालाही घेतलं. त्याला आपल्या सासरी, दहिवलीला आणलं. सासरे येसाजी सुरुवातीला कुरकुरले, मग त्यांना त्याच्याशिवाय करमेना.

साईनं त्या मौनाचाही खेळ करून टाकला होता. सोमवारी शाळेतून आला की चुलीपाशी बसायचा. "ताई, भाकरी देतेस? एकदा वाजवलं तर नाय, दोनदा वाजवलं तर हो." मग ती काठवटीवर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायची. पोट भरलं की त्याला चेव यायचा. "ताई, मी गणितात पयला आलो. खरं वाटतंय?" ती एकदाच वाजवायची. "मी भावजींच्या डब्यातला लाडू खाल्ला नाय. खरं वाटतंय?" पुन्हा एकदाच. तिला हसू आवरेनासं झालं की तो बोट रोखायचा, "आवाज आला, आवाज आला. देवाला सांगू?"

असं एका घरात अकरा वर्षं चाललं होतं. ते संपलं, त्याला आता नऊ वर्षं होऊन गेली होती.

*

पोशाचं दुकान म्हणजे खोपोलीच्या अलीकडे रस्त्याला लागून पत्र्याची शेड आणि पुढं अंगण. अंगणात पंप, फवारणीची यंत्रं, चाकं, सायलेन्सर. पोशा खुर्ची पुढं सरकवत म्हणाला, "बसा वैनी. आज सोमवार, म्हंजे तुमचं बोलणं बंद. बरं हाय, भाव करताना जगदीशदादा एकटाच पडला."

"एकटाच पुरून उरंन तुला," जगदीश म्हणाला. "दाखव आधी. मागच्या टायमाला इंजिन सांगून नुसता सांगाडा दाखवलास."

पोशानं एका इंजिनावरचं पोतं ओढलं. खाली हिरव्या रंगात माखलेलं बुटकं इंजिन होतं. सुप्रिया खुर्चीत बसता बसता थांबली.

इंजिन थंड राहावं म्हणून त्याच्या डोक्याला लोखंडी पात्या असतात. त्यांतल्या एका बाजूच्या तीन पात्या टोकाशी तुटलेल्या होत्या. दोन शेजारी-शेजारी, मग एक शाबूत, मग तिसरी. कालव्याजवळ बैलगाडीतून घरचा पाण्याचा पंप खाली पडला तेव्हा त्याच्या इंजिनाच्या या पात्या तुटल्या होत्या आणि येसाजी दोन दिवस नीट जेवले नव्हते. सुप्रियानं त्या पात्या शेकडो वेळा पुसल्या होत्या. मधली शाबूत पाती तिच्या बोटांना पाठ होती.

तिनं पदर सावरला आणि जगदीशकडे पाहिलं. त्याला काही दिसलं नव्हतं. तो मांडी घालून इंजिनापुढं बसला होता आणि हातांनी बघत होता.

"कंपनीची पट्टी कुठाय याची?"

"पट्टी कवाच गेली. तीन घोड्यांचं हाय, माझ्यावर इस्वास ठेवा."

"तुझ्यावर ठेवून काय करू? होडीला तू बसवायचास का?" जगदीशनं दोरी गुंडाळून हळूच ओढली. इंजिनानं आतून दाबून धरल्यासारखं केलं आणि मग सोडलं. त्यानं मान हलवली. "दाब चांगला हाय." प्लग काढून त्यानं नाकाशी नेला, उजेडात धरला, मग सुप्रियापुढं केला. "रंग कसा हाय गं? काळा?" तिनं नकाराची मान हलवली. "तांबूस?" तिनं होकार दिला. "मग जळतंय नीट. तेल बदलत होता कुणीतरी वेळच्या वेळी. पोशा, ज्याच्याकडं होतं हे, त्यानं पोरासारखं सांभाळलंय बघ."

सुप्रियानं खुर्चीच्या हातावर बोटं घट्ट धरली.

"तसाच हाय तो माणूस," पोशा म्हणाला. "रंगसुदा त्यानंच दिलाय, दोन-दोन हात."

"रंगानं घात केलाय. खाली नंबर ठोकलेला असतो बुडाशी. तो मिळाला की कंपनी कोणती, साल कोणतं, सगळं कळतं. पॉलिश पेपर दे."

जगदीश बुडाशी घासू लागला. हिरवी पूड त्याच्या मनगटावर बसत होती. "ये गं. वाच."

ती त्याच्या शेजारी बसली. रंगाखालून आकडे वर येत होते आणि आकड्यांच्या डाव्या बाजूला ठिपके. ते कुठले ते तिला माहीत होतं. साई घरी आला त्या वर्षीच्या खंडेनवमीला येसाजींनी हत्यारांची पूजा मांडली आणि पोराच्या हातात ठिपके ठोकायचा पंच आणि हातोडी दिली. "ठोक श्री. एकेक ठिपका. घाई करू नको." पोरानं जीभ बाहेर काढून एकेक ठिपका ठोकला आणि शेवटच्या वेलांटीला हात सटकला. शेवटचा ठिपका श्री सोडून बोटभर लांब पडला. तो रडवेला झाला, तेव्हा येसाजी म्हणाले होते, "असूं दे रं. आता लाखात वळखू येईल."

सुप्रियानं डाव्या हाताचा अंगठा त्या श्रीवर ठेवला आणि उजव्या हातानं कागदावर नंबर उतरवला.

"झालं? सगळे आकडे आले? हात काढ, पुढं अजून घासतो."

तिनं हात काढला नाही. जगदीशनं तो सहज बाजूला केला आणि पेपर टेकवण्याआधी सवयीनं बोट फिरवून बघितलं. बोट एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर गेलं. वळलं. वर गेलं. खाली आलं. मग बोटभर लांब सरकलं आणि तिथं थांबलं.

पलीकडे रस्त्यावरून दोन ट्रक गेले, तरी तो हलला नाही.

"आपलं हाय हे," तो म्हणाला. "बाबांचं."

*

नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी संध्याकाळी साई तिच्याकडे आला होता. तेव्हा तो कर्जतला एका गॅरेजात कामाला होता आणि भंगारातून एक छोटी उघडी गाडी जुळवत होता. त्याला इंजिन हवं होतं. येसाजींचा पंप विहिरीवर विजेची मोटर बसल्यापासून नुसता पडून होता. सासरे हरिनामाला शेजारच्या गावात गेलेले, जगदीश दुसऱ्या पाळीला. "ताई, नेऊ का?" त्यानं विचारलं. तिनं म्हटलं, "ने रे. त्याच्याकडं बघतंय कोण? मी सांगते ह्यांना."

जगदीश मध्यरात्रीनंतर घरी आला आणि तसाच आडवा झाला. उजाडलं, तो सोमवार होता. सुप्रियाचं तोंड मिटलेलं होतं. 'मी सांगते' हे सांगायचंच राहिलं होतं.

सकाळी येसाजी परत आले आणि पडवीची कडी उघडी बघून ओरडले. साईला हातगाडीवरून काहीतरी झाकून नेताना भिवाजीनं बघितलं होतं. माणूस पाठवून साईला बोलावलं. अंगणात चार माणसं जमली. "पोसला त्याचं हे फळ," येसाजी म्हणाले. झोपमोड झालेल्या जगदीशनं विचारलं, "कुणाला विचारून नेलंस?"

"ताईला."

सगळे तिच्याकडे वळले. "तू दिलंस?" जगदीशनं विचारलं.

नुसती मान हलवायची होती. पण त्याच वेळी येसाजी म्हणाले, "घरातली बाई माझ्या माघारी माझ्या वस्तू वाटायला लागली असंल, तर आजपासून मी या घरचं अन्न शिवणार नाय." सुप्रियाला वाटलं, आता नको. संध्याकाळी दिवा लागला की शांतपणे सगळं सांगू.

साई तिच्याकडे बघत होता. ओट्यावर घासून पालथी घातलेली तांब्याची घागर होती, तिच्या हाताशीच. तो हळू म्हणाला, "ताई, बोलू नको. नुसतं दोनदा वाजव."

मौन जिभेचं होतं, हाताचं नव्हतं. हे तिला तेव्हाही कळत होतं. ती खाली बघत राहिली. घागरीत वाकडं-तिकडं होऊन उमटलेलं अंगण, माणसं, साईचा निळा सदरा तिला दिसत होता. मग निळा सदरा दिसेनासा झाला.

त्या संध्याकाळी तिनं ऊन असतानाच दिवा लावला आणि गॅरेज गाठलं. तो सामान घेऊन गेला होता. फोन बंद. घरी येऊन तिनं सांगायला तोंड उघडलं तर येसाजी म्हणत होते, "चोर होता म्हणूनच पळाला." तिनं भात वाढला. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाली. उद्या आणखी जड झालं, परवा त्याहून. तीन वर्षांनी येसाजी गेले, तेव्हाही ते पंपाचं नाव काढूनच गेले. ती मात्र सोमवारमागून सोमवार तोंड मिटत राहिली. जणू एवढं तरी तिला त्याच्यासाठी करता येत होतं.

*

"विकून खाल्लंच शेवटी," पोशाच्या अंगणात जगदीश म्हणत होता. "नऊ वर्षं ठेवलं आणि विकलं."

"कुणी विकून खाल्लं?" पोशा गोंधळला. "दादा, हा पोरगा लबाड नाय. खालापूर फाट्याला गॅरेज हाय त्याचं. स्वतःच्या गाडीला लावलं होतं हे, लोकं बघायला यायची. गेल्या मयन्यात गाडीला टेंपोनं मागून ठोकलं. गाडी गेली, हे वाचलं. मला म्हणाला, चालवणाऱ्यालाच दे, भंगारात घालू नको. थांबा, फोनच लावतो. तुमीच विचारा."

"मला कायेक विचारायचं नाय." जगदीश पाठ फिरवून उभा राहिला.

पोशानं तोवर फोन लावला होता आणि स्पीकरवर टाकला होता. दोन रिंग वाजल्या.

"हां, पोशाशेठ. बोला."

आवाज जाड झाला होता. पण 'बोला' म्हणताना शेवट थोडा वर नेण्याची लकब तीच होती. पाठीमागं कुणीतरी लोखंड ठोकत होतं. सुप्रियानं हात पुढं केला आणि पोशानं काही न कळून फोन तिच्या हातात दिला.

"हॅलो? पोशाशेठ? आवाज येत नाय तुमचा."

समोर इंजिन होतं. पेरानं दोनदा वाजवलं असतं तरी त्याला कळलं असतं. तिचं बोट तिथपर्यंत गेलंही. मग तिला वाटलं, तेव्हा त्यानं एवढंच मागितलं होतं आणि तेव्हा दिलं नाही. आता एवढंच देऊन कसं भागेल? तिनं डोळे मिटले. देवा, मोडते आहे. त्याच्या जिवावर जे येईल ते माझ्या जिवावर येऊ दे.

"साई," ती म्हणाली. "मी ताई."

जगदीश गर्रकन वळला. पोशाच्या हातातला चहाचा ग्लास वाटेतच थांबला. सोमवारी दिवसाउजेडी तिचा आवाज जगदीशनं वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला होता.

पलीकडचं ठोकणं बंद झालं. कुणीतरी हातानं खूण करून ते बंद करवलं असावं.

"आज सोमवार हाय, ताई," साई म्हणाला.

त्यात राग नव्हता. ओल्या फरशीवर पाय टाकणाऱ्याला सांगावं, तसं तो म्हणाला. "हो रे," ती म्हणाली. पण तोवर फोन बंद झाला होता.

तिनं तो पोशाला परत दिला. मग इंजिनाकडे बघत, कुणी न विचारता, ती बोलली. "ते मी दिलं होतं त्याला. रविवारी संध्याकाळी. माझ्या हातानं कडी काढून दिली होती."

जगदीश शेजारच्या टायरवर बसला. त्याच्या मनगटावर अजून हिरवी पूड होती.

"मी विचारलं होतं तुला," तो म्हणाला. "तू दिलंस का, असं सरळ विचारलं होतं."

"हो."

"बाबा गेले तवा सोनाली म्हणाली, मामाला शोधून कळवू. मी म्हणालो, चोराला कशाला? तू तिथंच बसली होतीस गं. वाती वळत होतीस."

"हो," ती म्हणाली. मामंजींची भीती वाटली हे खरं होतं, आणि मौनाच्या आड ती भीती लपवली हे त्याहून खरं होतं.

पोशाचा फोन पुन्हा वाजला. तो थोडा लांब गेला. "बरं. बरं. सांगतो," एवढंच ऐकू आलं. परत आला तेव्हा तो सुप्रियाकडे बघत नव्हता.

"पैसं घेऊ नका म्हणतोय. ज्यांचं हाय त्यांना देऊन टाका." तो अडखळला. "म्हणाला, आता माझ्याकडं त्यांचं कायच नाय राह्यलं."

निघताना पोशानं त्याचा नंबर सांगितला. सुप्रियानं तो त्याच कागदावर, इंजिनाच्या नंबराखाली लिहून घेतला. रिक्षात इंजिन दोघांच्या पायांमध्ये होतं. खड्डा आला की जगदीश त्याला दोन्ही हातांनी धरायचा. दहिवलीपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. त्या सोमवारी घरातलं बोलायला कुणीच नव्हतं.

*

मंगळवारी सकाळी जगदीश न सांगता बाहेर पडला आणि दुपारी उन्हाचा परत आला. हातपाय धुऊन पाटावर बसला. तिनं ताट वाढलं.

"गेलो होतो खालापूर फाट्याला," तो म्हणाला. "शटर अर्धं उघडं होतं. आतून म्हणाला, गाडी असली तर ठेवून जा. मी म्हणालो, गाडी नाय रं, मी आलोय. जगदीश." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "मग शटर खाली ओढलं."

"दिसला का?"

"पाय दिसले. काळे बूट होते. चांगले होते बूट." थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, "नीट उभा होता. लंगडत-बिंगडत नव्हता. बरा हाय तो."

इंजिन पडवीत होडीशेजारी ठेवलं होतं. जगदीशनं त्याला हात लावला नाही. रंधाही बंद होता. भिवाजी कुंपणावरून म्हणाला, "इंजिन आलं म्हणं. मग कवा निघायचं गोव्याला?" जगदीशनं वर बघितलंच नाही, तेव्हा भिवाजी उगाच आपल्या शेळीवर ओरडत आत गेला.

सुप्रिया रोज फोन लावत होती. मंगळवारी दोनदा, बुधवारी तीनदा. पहिल्या वेळी अनोळखी नंबर म्हणून तरी उचलेल असं तिला वाटलं होतं, पण तो ओळखून होता. रिंग शेवटपर्यंत वाजायची आणि बंद व्हायची. ती प्रत्येक वेळी पूर्ण रिंग ऐकायची. त्याच्या खिशात किंवा बाकावर फोन वाजतो आहे, एवढा वेळ तो आपल्याला ऐकतो आहे, असं तिला वाटायचं. देवळात गेली की तिला वर बघवायचं नाही. रस्त्यावर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला की तिचा हात थांबायचा. मौन मोडलं होतं. शनिवारी तिनं पोशाला फोन करून विचारलं, "तो बरा हाय ना?" पोशा म्हणाला, "कालच भेटला वैनी, ठणठणीत हाय." तिनं देवापुढं साखर ठेवली.

पुन्हा सोमवार आला. तिनं आंघोळ केली, बेल वाहिला, आणि आईनं दिलेल्या त्या पानाची आठवण झाली तसं तळहाताकडे पाहिलं. मग ती देवाला म्हणाली, "आईनं तोंड मिटलं म्हणून तू त्याला परत दिलास. मी मिटलं आणि तो गेला. आता माझं ऐक, नाहीतर नको ऐकू. मी बोलणार आहे."

ती पडवीत आली. जगदीश होडीच्या कडेला रिकामाच बसला होता. तिनं त्याच्यासमोर फोन लावला.

चार रिंग वाजल्या. पाचवी अर्ध्यात तुटली. तिला वाटलं, कापला. पण फोनवर सेकंद पुढं सरकत होते. त्यानं उचलला होता.

"साई?"

लांबून कुठल्या तरी गाडीचा आवाज, आणि जवळ श्वास.

"बोलू नको," ती म्हणाली. "तू नको बोलू. मी बोलते. तेव्हा मी वाजवलं नाही रे. वाजवता येत होतं. देवाचं नाव पुढं केलं आणि मी मागं लपले. मी मामंजींना भ्यायले. तू चोर नव्हतास, हे त्या अंगणात मला एकटीला माहीत होतं आणि मी घागरीकडं बघत बसले. आता ह्यांना सांगितलंय सगळं. भिवाजीला सांगितलं. सोनालीला सांगितलं. सगळ्यांना सांगत सुटलेय, पण ते तेव्हा सांगायचं होतं."

जगदीश उठून जवळ आला होता आणि मान खाली घालून उभा होता.

"ऐकतोस ना?"

मग तिकडून आवाज आला. टक. आणि लगेच, टक. पान्यानं लोखंडावर वाजवावं तसं.

तिनं फोन दोन्ही हातांत धरला.

"बरा आहेस ना? लागलं नाही ना तुला त्या टेंपोचं?"

टक. टक. बरा होता.

"कुणी आहे का रे सोबत? जेवायला-खायला?"

टक. टक.

तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. जगदीशला काहीच कळत नव्हतं; तो तिच्या तोंडाकडे बघून उत्तर शोधत होता. तिनं डोळे पुसले. लहान-लहान प्रश्न आधी विचारून झाले होते. उरलेला एकच होता आणि तो विचारायला तिला नऊ वर्षं लागली होती.

"साई, घरी येशील का रे?"

मग तिकडून वाजलं.

टक.

ती थांबली. जगदीशही थांबला. "काय म्हणाला?" त्यानं हळूच विचारलं. सुप्रियानं मान हलवली नाही. फोन अजून चालू होता. त्यानं तो ठेवला नव्हता, आणि तीही ठेवत नव्हती. सेकंद पुढं जात होते. ती कान लावून दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिली.